गावात संगणक जोडताना: मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांची मापे कशी जुळवावीत

मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग जिथे जोडले जातात ती मुख्य पाटी, एका कारखान्यात तयार होतो, कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा, दुसऱ्या आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तिसऱ्या कारखान्यात; तरीही घरी आणून जोडायला बसल्यावर तिघांची छिद्रे एकमेकांवर बिनचूक येतात. हे शक्य होते, कारण बोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागच्या बाजूच्या जोडण्यांच्या खिडकीचा आकार आणि बोर्डावर वरून खोचायच्या दोन जोड-कार्डांमधले अंतर ही सर्व मापे आधीच ठरलेली आहेत आणि बहुतेक कंपन्या ती पाळतात. ही मापे माहीत असणाऱ्याला दुकानात उभे राहून ‘हे यात बसेल का हो?’ असे विचारावे लागत नाही. नागपूर किंवा अमरावती शहरात राहणाऱ्याने चुकीचे कॅबिनेट घेतले, तर तो ते संध्याकाळी बदलून आणू शकतो. आर्वी, दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या पुढच्या एखाद्या गावातून आलेल्या माणसाचा मात्र त्यासाठी एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचे भाडे दुसऱ्यांदा द्यावे लागते, आणि खोके फाडलेले असेल तर वस्तू परत घेण्यावरून वाद होतो तो वेगळाच. गावात सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान किंवा मुलांच्या अभ्यासासाठी पहिल्यांदाच संगणक जोडणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी काय मोजावे आणि नंतर कोणत्या क्रमाने जोडावे, ते येथे सांगितले आहे.

मापे कुठून आली

आयबीएमने १९८४ साली पीसी-एटी हा संगणक बाजारात आणला आणि त्याच्या बोर्डाचा आकार पुढे ‘एटी’ या नावाने रूढ झाला. त्या पद्धतीत बोर्डाला वीज देणारे प्लग दोन होते आणि ते उलटसुलट बसू शकत. काळ्या तारा मधोमध शेजारीशेजारी आल्या नाहीत, तर बोर्ड जळण्याचा धोका असे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे नवे मानक जाहीर केले. त्यात विजेचा प्लग एकच आणि एकाच बाजूने बसणारा झाला, कीबोर्डपासून इतर सर्व जोडण्या मागच्या एका खिडकीत एकत्र आल्या, आणि संगणक बंद करण्याचे काम सॉफ्टवेअरकडूनही होऊ लागले. इंटेलनेच २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाचा वेगळा आराखडा आणून पाहिला, पण तो काही वर्षांतच मागे पडला. एटीएक्स मात्र ३० वर्षे टिकून आहे. त्यामुळेच टायपिंग इन्स्टिट्यूटमधून भंगारात निघालेल्या जुन्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसवता येतो.

पहिली पायरी: आधी बोर्डाचे माप ठरवावे

अनेक जण कॅबिनेटच्या दिव्यांवर आणि काचेवर भाळून ते आधी घेतात आणि मग त्यात बसणारा बोर्ड शोधतात. क्रम याच्या उलट असावा. बोर्डाचे माप एकदा निश्चित झाले, की कॅबिनेट त्याहून मोठे घेता येते. लहान कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड मात्र कोणत्याही युक्तीने बसत नाही.

बाजारात प्रामुख्याने तीन मापे आढळतात. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद असतो; उभ्या कॅबिनेटमध्ये ३०५ ही त्याची उंची होते आणि २४४ ही मागून पुढे येणारी खोली. १९९७ मध्ये आलेला मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ मिलिमीटर, म्हणजे चौरस असतो. या दोघांच्या उंचीतला फरक ६१ मिलिमीटर आहे आणि तो विचारपूर्वक ठेवलेला आहे: कार्डांच्या दोन स्लॉटमधले, म्हणजे कार्ड खोचायच्या दोन खाचांमधले, ठरलेले अंतर २०.३२ मिलिमीटर असते, अशा तीन स्लॉटचे ६१ मिलिमीटर होतात, आणि पूर्ण एटीएक्सला सात तर मायक्रो एटीएक्सला चार स्लॉटांची जागा असते. मायक्रो बोर्ड म्हणजे खालचे तीन स्लॉट कापलेला एटीएक्स असे समजण्यास हरकत नाही. तिसरे माप मिनी-आयटीएक्स. ते तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणले आणि ते १७० गुणिले १७० मिलिमीटरचे आहे. त्यात एकच स्लॉट, बहुधा रॅमच्या दोनच जागा आणि स्क्रूची चारच छिद्रे असतात.

ई-एटीएक्स हे नाव ऐकू येते, पण त्याच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. मूळ माप ३०५ गुणिले ३३० मिलिमीटर असले, तरी २७० ते २८० मिलिमीटर खोलीच्या बोर्डांनाही विक्रेते तेच नाव देतात, आणि असा बोर्ड घरगुती किंवा केंद्राच्या कामासाठी लागतही नाही.

माझे मत विचाराल, तर ग्रामीण भागातल्या कामासाठी मायक्रो एटीएक्स हाच योग्य बोर्ड आहे. सात-बाराचे उतारे, दाखल्यांचे अर्ज, फोटो छापणे, शिकवणीचे व्हिडिओ यांसाठी एका कार्डापेक्षा जास्त जागा क्वचितच लागते. त्याच्या किमतीत स्पर्धा मोठी आहे, आणि तो बिघडला तर तालुक्याच्या दुकानात त्याच मापाचा दुसरा मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. मिनी-आयटीएक्स दिसायला सुबक असला, तरी त्याच क्षमतेसाठी जास्त पैसे मागतो आणि त्याचे कॅबिनेट, पंखा व एसएमपीएस हे सगळेच शहरातून मागवावे लागते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. खोक्यावर ‘मायक्रो एटीएक्स’ छापलेले असले, तरी स्वस्त बोर्डांची खोली पुष्कळदा २४४ नसून १७० ते २०० मिलिमीटर एवढीच असते. कॅबिनेटमध्ये बसण्याच्या दृष्टीने यात अडचण नाही. मात्र अशा बोर्डाच्या पुढच्या कडेला स्क्रूची छिद्रे नसतात आणि ती कड अधांतरी राहते. तिथेच रॅम आणि विजेचा मोठा प्लग बसतो. त्यामुळे हे भाग दाबताना दुसऱ्या हाताचे बोट बोर्डाच्या कडेखाली आधाराला ठेवावे, किंवा बोर्ड आत बसवण्यापूर्वीच रॅम लावून घ्यावी. नेमके माप कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेले असते. दुकानातल्या बोलीत ‘छोटा बोर्ड’, ‘मिनी बोर्ड’ हे शब्द वाटेल तसे वापरले जातात, त्यांवर व्यवहार ठरवू नये.

दुसरी पायरी: पट्टी आणि कागदाचा साचा

मोजण्यासाठी शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी पुरते. पूर्ण एटीएक्स बोर्डाची लांब बाजू त्या पट्टीपेक्षा अर्ध्या सेंटीमीटरने जास्त भरते, मायक्रोची बाजू साडेचोवीस सेंटीमीटरच्या किंचित अलीकडे थांबते आणि मिनी-आयटीएक्स सतरावर संपतो. वापरलेला बोर्ड घेताना त्यावर मॉडेल नंबर पुसट झालेला असेल, तर ही तीन मापे पुरेशी आहेत.

खरेदीला निघण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या पानातून ३०.५ गुणिले २४.४ सेंटीमीटरचा आयत कापावा आणि त्यावर मायक्रोसाठी २४.४ वर व मिनी-आयटीएक्ससाठी १७ गुणिले १७ वर रेघा ओढाव्यात. हा कागद घडी करून खिशात जातो. दुकानात कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडून घ्यावे आणि कागदाचा वरचा कोपरा मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्याला टेकवून तो आत पसरावा. कागद समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर चढत असेल किंवा एसएमपीएसला अडत असेल, तर त्या कॅबिनेटवर काहीही छापलेले असो, ते आपल्या कामाचे नाही. सुरुवात मागच्या वरच्या कोपऱ्यातूनच करायची, कारण सर्व मापांचे बोर्ड तिथूनच मोजले जातात: जोडण्यांची खिडकी आणि पहिला स्लॉट यांची जागा प्रत्येक मापात तीच राहते, बोर्ड फक्त खाली आणि पुढे वाढत जातो. मिनी-आयटीएक्सची चारही छिद्रे एटीएक्सच्या छिद्रांपैकीच असतात, आणि मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड सहज बसतो तो यामुळेच.

कागद जवळ नसेल, तर कॅबिनेटच्या मागे कार्डांसाठी असलेल्या आडव्या पट्ट्या मोजाव्यात. सात पट्ट्या असतील तर ते बहुधा पूर्ण एटीएक्सचे, चार असतील तर मायक्रोचे आणि एक-दोनच असतील तर मिनी-आयटीएक्सचे कॅबिनेट असते. ‘मिड टॉवर’, ‘मिनी टॉवर’, ‘फुल टॉवर’ ही नावे मात्र कोणत्याही मानकात बांधलेली नाहीत. एका कंपनीचा मिनी टॉवर दुसरीच्या मिड टॉवरएवढा निघू शकतो.

तिसरी पायरी: बोर्डाशिवाय आणखी काय बसवायचे आहे

बोर्ड बसला म्हणजे काम झाले, असे नाही. कॅबिनेटच्या आत आणखी तीन गोष्टी जागा मागतात.

पहिली गोष्ट एसएमपीएस. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ मिलिमीटर उंच आणि साधारण १४० मिलिमीटर लांब असतो. जास्त क्षमतेचे १६० ते १८० पर्यंत जातात, आणि केबल वळायला त्यापुढे चार बोटे जागा हवी. लहान कॅबिनेटांत एसएफएक्स प्रकारचा, १२५ गुणिले ६३.५ गुणिले १०० मिलिमीटरचा एसएमपीएस लागतो, तर अरुंद आडव्या कॅबिनेटांत टीएफएक्स नावाचा लांबट एसएमपीएस असतो. हे दोन्ही आपल्याकडच्या तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नाहीत. एसएमपीएस हाच विजेच्या चढउतारात सर्वांत आधी जाणारा भाग आहे. त्यामुळे ज्या कॅबिनेटला साधा एटीएक्स एसएमपीएस चालत नाही, ते गावात घेऊच नये.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसबद्दलही सावध असावे. त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते, पण लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे, कारण प्रोसेसर आणि पडद्यावरचे चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्याच वाहिनीवर चालतात. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट एवढीच त्या वाहिनीची ताकद ठरते. एसएमपीएस वेगळा, नावाजलेल्या कंपनीचा आणि वॉरंटीसह घेणे परवडते. कॅबिनेटवर पाचशे रुपये कमी खर्च करून ते इथे घालावेत.

दुसरी गोष्ट प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची. प्रोसेसरच्या खोक्यातला पंखा बुटका असतो आणि बहुतेक कॅबिनेटांत बसतो. उंच टॉवर पद्धतीचा, १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर १५० ते १६५ मिलिमीटर उंच असतो आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर बसत नाही. कॅबिनेटच्या माहितीत ‘कमाल कूलर उंची’ दिलेली असते, ती पाहावी.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्ड. ते आज घ्यायचे नसले, तरी पुढे मुलगा डिझाइन किंवा व्हिडिओ संपादन शिकेल तेव्हा लागू शकते, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या भिंतीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची मोकळी लांबी मोजून ठेवावी; मध्यम कार्डे २०० ते २५० मिलिमीटर आणि मोठी ३०० च्या पुढे जातात. आडव्या बारीक कॅबिनेटांत कार्डाची उंचीही आड येते. नेहमीचे कार्ड सुमारे ११ सेंटीमीटर उंच असते आणि अशा कॅबिनेटांत सुमारे ७ सेंटीमीटरचे, ‘लो प्रोफाइल’ प्रकारचेच बसते.

चौथी पायरी: ऊन, धूळ आणि कापसाचे तंतू

कॅबिनेटचा विचार पुण्या-मुंबईच्या लेखांवरून करू नये, असे मी मुद्दाम सांगतो. चंद्रपूर, वर्धा, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत याहूनही जास्त उकाडा असतो. पंखा कितीही चांगला असला, तरी तो आतला भाग खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; तो फक्त आतली गरम हवा बाहेर काढून त्या जागी खोलीतली हवा आणतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर आपल्याकडे दुपारी त्याच कामासाठी ८५ च्या आसपास पोहोचतो. म्हणूनच समोर अखंड काच किंवा बंद प्लास्टिक असलेले कॅबिनेट टाळून जाळीचे तोंड असलेले घ्यावे आणि पुढे किमान एक, मागे एक असे १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतात याची खात्री करावी. जुन्या लहान कॅबिनेटांत ८० मिलिमीटरचा पंखा असतो. तेवढीच हवा ढकलायला तो जास्त वेगाने फिरतो आणि आवाज करतो.

जाळीतून हवेसोबत धूळही आत येते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी, साठवण व जिनिंग सुरू झाल्यावर हवेत तरंगणारे तंतू, हे दोन्ही पंख्याच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत गोधडीच्या अस्तरासारखे दाटून बसतात. हिंगणघाट, वणी किंवा अशाच एखाद्या कापूस बाजाराजवळ दुकान असेल, तर काढता येणारी आणि धुता येणारी जाळीची गाळणी असलेलेच कॅबिनेट निवडावे. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवावेत, म्हणजे हवा गाळणीतूनच आत येईल आणि फटींमधून धूळ ओढली जाणार नाही. एसएमपीएस तळाशी असणाऱ्या कॅबिनेटमध्ये तो खालून हवा घेतो. असे कॅबिनेट शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवर कधीही न ठेवता वीतभर उंच लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवावे.

विदर्भात संगणक आणि खोली थंड करणारा पाण्याचा कूलर एकाच खोलीत असणे अपरिहार्य आहे. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये. झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असेल तर ते सुकल्यावर बोर्डावर पांढरा थर सोडतात, जो ओलाव्यात वीज वाहून नेतो. कॅबिनेट कूलरच्या आडव्या बाजूला ठेवून खोलीची खिडकी उघडी ठेवणे पुरेसे आहे. तरीही जागा नसेल, तर दोघांमध्ये एक कपाट किंवा फळीचा आडोसा करावा.

जुने कॅबिनेट किंवा जुने ऑफिस मशीन घ्यावे का

जुने एटीएक्स कॅबिनेट वापरण्यात वावगे काही नाही. पत्रा गंजलेला नसावा, मागच्या खिडकीतला पत्रा निघणारा असावा आणि स्टँडऑफची, म्हणजे बोर्डाखालच्या खुंट्यांची, छिद्रे झिजलेली नसावीत. त्यातला जुना एसएमपीएस मात्र वापरू नये. २००३ पूर्वीच्या एसएमपीएसला बोर्डासाठी २० पिनांचा प्लग असे, आताच्या बोर्डाला २४ पिनांचा आणि प्रोसेसरसाठी वेगळा ४ किंवा ८ पिनांचा लागतो. शिवाय त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असतात. समोरचे यूएसबी जुन्या वेगाचे असेल, एवढी तडजोड मान्य करावी.

मोठ्या ब्रँडची, कार्यालयांतून निघालेली ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, मशीन हा वेगळा विषय आहे. ती स्वस्त असतात, मजबूत असतात आणि आहे तशी वापरायची असतील तर उत्तम सौदा ठरतात. त्यांतल्या बऱ्याच मशीनचा बोर्ड मात्र त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, एसएमपीएसचा प्लग वेगळा असतो आणि समोरच्या बटणाची तारही वेगळ्या जोडणीची असते. त्यामुळे बोर्ड गेला की बाजारातला साधा बोर्ड त्यात बसत नाही आणि एसएमपीएस गेला की त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. हे ओळखण्यासाठी मागची बाजू पाहावी. यूएसबी, नेटवर्क इत्यादींची छिद्रे वेगळ्या निघणाऱ्या पट्टीत नसून थेट कॅबिनेटच्या पत्र्यातच कापलेली असतील, तर ते कॅबिनेट त्या एकाच बोर्डासाठी बनलेले आहे. झाकण उघडून बोर्डावरचा विजेचा प्लगही मोजावा. तो २४ पिनांचा नसेल, तर पुढे भाग बदलण्याच्या आशेवर ते मशीन घेऊ नये.

पाचवी पायरी: जोडणी

जोडणीला बसताना हातात चुंबकी टोकाचा फुली स्क्रूड्रायव्हर असावा आणि प्लग काढलेला असावा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून बोर्डाला हात लावण्यापूर्वी घराच्या खिडकीच्या उघड्या लोखंडी गजाला किंवा कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला स्पर्श करावा, आणि टेरिकॉटचे कपडे व प्लास्टिकची खुर्ची टाळावी.

प्रथम बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅम बसवावी. एसएमपीएस टेबलावरच जोडून, कॅबिनेटशिवाय एकदा संगणक सुरू करून पाहणे शहाणपणाचे ठरते. यासाठी बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या, की तो सुरू होतो. पडद्यावर चित्र आले, तर पुढे काही अडल्यास दोष जोडणीत आहे हे निश्चित होते.

यानंतर कॅबिनेटच्या खिडकीत आतून बोर्डासोबत आलेली पत्र्याची पट्टी, म्हणजे आय-ओ शील्ड, चारही कोपरे ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. नवखे लोक ही पट्टी विसरतात आणि बोर्ड कसून झाल्यावर ती खोक्यात दिसते. खिडकीचे माप सर्व एटीएक्स कुटुंबात १५८.७५ गुणिले ४४.४५ मिलिमीटर एवढेच असते, पण आतली छिद्रे प्रत्येक बोर्डाची निराळी, म्हणून दुसऱ्या बोर्डाची पट्टी चालत नाही. जुना बोर्ड घेताना ती मागून घ्यावी. ती नसेल किंवा मागच्या स्लॉटच्या पट्ट्या उघड्या राहिल्या, तर गावात तिथून झुरळे, पाली आणि क्वचित उंदराचे पिल्लूही आत शिरते, आणि पाल एसएमपीएसपर्यंत पोहोचली तर ती एकटी मरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, स्टँडऑफचे. हे पितळी षट्कोनी खुंटे बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून काही मिलिमीटर उचलून धरतात, जेणेकरून बोर्डाच्या मागचे डाग दिलेले सांधे पत्र्याला लागून शॉर्ट होणार नाहीत. कॅबिनेटच्या पत्र्यावर वेगवेगळ्या मापांसाठी बरीच छिद्रे असतात आणि काहींजवळ ए, एम, आय अशी अक्षरे कोरलेली असतात, ती अनुक्रमे एटीएक्स, मायक्रो आणि आयटीएक्ससाठी असतात. बोर्ड आत धरून त्याची छिद्रे पत्र्यावर कुठे येतात ते पेन्सिलीने खुणावे, आणि फक्त तिथेच स्टँडऑफ लावावेत. पूर्ण एटीएक्सला साधारणतः नऊ, मायक्रोला सहा ते आठ आणि मिनी-आयटीएक्सला चार लागतात. कारखान्यातून आधीच लावून आलेला एखादा स्टँडऑफ आपल्या बोर्डाच्या छिद्राखाली येत नसेल, तर तो काढलाच पाहिजे. तो बोर्डाच्या पाठीवर टेकतो आणि संगणक एकतर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन अधूनमधून आपोआप बंद पडतो, आणि कारण सापडायला कित्येक दिवस जातात. एखाद्या छिद्राखाली स्टँडऑफ नसणे परवडते. छिद्र नसलेल्या जागी तो असणे परवडत नाही.

बोर्ड किंचित तिरपा धरून जोडण्या आधी शील्डमधून बाहेर काढाव्यात आणि मग तो खाली टेकवावा. शील्डची एखादी पत्र्याची जीभ नेटवर्कच्या किंवा यूएसबीच्या तोंडात तर गेली नाही, हे मागून पाहावे. सर्व स्क्रू आधी सैल लावून मग समोरासमोरच्या जोड्यांनी हलकेच आवळावेत. बोर्ड कडकडेल इतके आवळू नयेत. कॅबिनेटसोबतच्या पिशवीत दोन प्रकारचे स्क्रू असतात. जाड आट्यांचे, सहा-बत्तीस मापाचे स्क्रू एसएमपीएससाठी आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कसाठी असतात, तर बारीक आट्यांचे, एम-३ मापाचे स्क्रू अडीच इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हसाठी. स्टँडऑफ यांपैकी कोणत्याही आट्याचे असू शकतात, म्हणून पहिला स्क्रू बोटानेच फिरवून पाहावा. तो दोन फेऱ्यांत अडला, तर दुसऱ्या प्रकारचा घ्यावा, पकडीने जबरदस्ती करू नये.

प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. लहान कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तिथे हात पोहोचत नाही, म्हणून ती आधीच ओढून ठेवावी. समोरच्या बटणांच्या बारीक तारा लावताना पॉवर आणि रीसेट बटणांच्या तारा कशाही लावल्या तरी चालतात, पण दिव्यांच्या तारांना धन-ऋण असते. दिवा लागला नाही, तर ती जोडी उलटी करावी, त्याने काही बिघडत नाही. समोरच्या यूएसबी ३ ची १९ पिनांची जाड केबल सरळ दाबावी, कारण तिच्या पिना वाकल्या तर पुन्हा सरळ करणे कठीण जाते.

सुरू केल्यावर

झाकण लावण्यापूर्वी संगणक अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक पंखा फिरतो का आणि कोणती केबल पात्याला घासते का, ते पाहावे. समोरच्या जाळीवर पातळ कागदाचा तुकडा धरला तर तो आत ओढला जावा आणि मागे धरला तर बाहेर उडावा. तसे न झाल्यास तो पंखा उलटा बसला आहे.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग नाही, असे समजावे. एसएमपीएसमधले फिल्टर अर्थिंगच्या तारेवर अवलंबून असते आणि ती तुटलेली असली की पत्र्यावर विजेचा अंश राहतो. प्रवाह अगदी थोडा असला, तरी यूएसबी लावताना बोर्डाचे नुकसान होऊ शकते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावण्याची सवय सोडावी आणि वायरमनकडून घराबाहेर जमिनीत अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी टाकावे लागते.

गाळणी दर महिन्याला, आणि मळणी व वेचणीच्या काळात दर आठवड्याला काढून धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावावी. आतली सफाई ब्लोअरने करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या जोराने ती बेफाम फिरली तर बेअरिंग खराब होते. बोर्डाचे मॉडेल, त्याचे मिलिमीटरमधले माप आणि एसएमपीएसचा प्रकार एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढच्या खेपेस शहरातल्या दुकानात फोनवरूनच नेमका भाग सांगून तो पार्सलने मागवता येतो.